कर्जखताचें वाङ्मय

कायद्याचें आणि पेढीचें गद्य हा वाङ्मयसमीक्षेचा विषय नव्हे, असा आपल्याकडे एक समज रूढ आहे. कादंबरीकाराच्या शैलीवर आपण पानेंच्या पानें खर्ची घालतों. परंतु ज्या गद्याखालीं आपण स्वतः सही करतों, आणि ज्याच्या एखाद्या उपवाक्यावर कुटुंबाची पांच-दहा वर्षांची स्वस्थता अवलंबून असते, तें कोणासाठीं लिहिलें आहे आणि तें खरें बोलतें कीं केवळ बिनचूक बोलतें, हे प्रश्न आपल्याला सुचत नाहींत. महाराष्ट्रांत तरी असें होऊं नये. कर्जखत हा वाङ्मयप्रकार किती गांभीर्यानें घ्यावयाचा तें आमच्या इकडील शेतकऱ्यांनीं १८७५ सालींच दाखवून दिलें आहे. त्या वर्षीं १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या गांवीं दंगा झाला, आणि त्याचें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें. सुप्यास लुटालूट झाली हें खरें. तथापि एकंदर प्रकारांत जमावाचा रोख सावकाराच्या तिजोरीपेक्षां त्याच्या दप्तरावर अधिक होता. खतें आणि हुकूमनामे मिळवावयाचे व जाळावयाचे, आणि ते निमूटपणें हवालीं केले तर बहुधा पुढें कांहीं करावयाचें नाहीं, असा क्रम सरकारनें नेमलेल्या चौकशी मंडळास आढळून आला. टीकेची ही पद्धति अनुकरणीय नव्हे. पण ज्यांना एक अक्षरहि वाचतां येत नव्हतें त्यांनीं कागदाचें सामर्थ्य आपल्या पदवीधरांपेक्षां अधिक ओळखलें होतें, एवढें मान्य केलें पाहिजे.

प्रस्तुत परीक्षणासाठीं अशाच गद्याचे तीन नमुने घेतले आहेत. पहिला, मोबाईलवरून दिल्या-घेतल्या जाणाऱ्या कर्जासंबंधींचे नियम. ते २ सप्टेंबर २०२२ रोजीं निघाले आणि मे २०२५ मध्यें त्यांत भर घालून ते एकत्र करण्यांत आले. दुसरा, कर्ज देण्यापूर्वीं ऋणकोच्या हातीं द्यावयाचें ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नांवाचें पत्रक. त्याचा सर्वसाधारण नमुना एप्रिल २०२४ मध्यें ठरला. तिसरा, ‘हरित ठेवीं’ची एप्रिल २०२३ ची चौकट. तिन्हींचा कर्ता एकच, रिझर्व्ह बँक. पहिल्या दोहोंचा वाचक कर्ज घेणारा आहे, तिसऱ्याचा ठेव ठेवणारा. आणि मध्यमवर्गीय घरांत हीं दोन्ही माणसें पुष्कळदां एकाच छपराखालीं राहतात. वडिलांची मुदत ठेव कपाटांत असते आणि मुलाचें कर्ज त्याच्या खिशांतील मोबाईलमध्यें असतें. म्हणून हे तिन्ही लेख शेजारीं शेजारीं ठेवून वाचणें मला आवश्यक वाटलें. तसें वाचल्यावर जें ध्यानांत येतें तें उघड आहे, पण त्याची चर्चा झालेली माझ्या पाहण्यांत नाहीं.

प्रथम पहिल्या नमुन्याची पार्श्वभूमि. २०२१ च्या जानेवारींत रिझर्व्ह बँकेनें एक कार्यगट नेमला. त्या वर्षाच्या पहिल्या दोन महिन्यांत भारतीय ग्राहकांना मोबाईलवर कर्ज देऊं करणारीं सुमारें १,१०० ॲप्स उपलब्ध होतीं आणि त्यांपैकीं सुमारें ६०० बेकायदेशीर होतीं, असें त्याला दिसून आलें. या आंकड्यांमागें काय होतें याची कल्पना यावी म्हणून एकच उदाहरण देतों. आमच्या महाविद्यालयांतील एका विद्यार्थ्यानें २०२० च्या टाळेबंदींत असें कर्ज घेतलें होतें. ॲपचें नांव सांगण्यांत अर्थ नाहीं. हिशेब मात्र सांगण्यासारखा आहे. मंजूर रक्कम ५,००० रुपये. त्यांतून १,५०० रुपये आधींच कापून ३,५०० हातीं आले, आणि सातव्या दिवशीं ५,००० परत करावयाचे. आठवड्याला शेंकडा सुमारें ४३. म्हणजे दर साल दर शेकडा २,२०० हून अधिक. सुप्याच्या सावकारालाहि हा दर ऐकून घाम फुटला असता. सातव्या दिवशीं पैसे नव्हते, म्हणून दुसऱ्या ॲपवरून दुसरें कर्ज, आणि तें फेडण्यासाठीं तिसरें. मग त्याच्या फोनमधील नांवांची यादी कामास लागली: आधीं मावशीला, नंतर महाविद्यालयांतील शिपायाला आणि शेवटीं मला, अशा क्रमानें तो मुलगा लुच्चा असल्याचें सांगणारे फोन आले. तो दोन महिने वर्गांत आला नाहीं. घरच्यांनीं पैसे भरले. मुलाच्या तोंडावर आलेली ती वयाला न शोभणारी कळा जावयास त्याहून अधिक काळ लागला.

कर्ज देतेवेळींच रकमेंतून कांहीं भाग कापून घेण्यास आपल्या जुन्या पेढींवर ‘मनोती’ म्हणत. नव्या भाषेंत तिला ‘प्रोसेसिंग फी’ म्हणतात. नांव परकें झालें, तें घेण्याचा क्षण तोच राहिला.

आतां नियमांकडे वळूं. नियमकर्त्याचें गद्य म्हणून पाहतां २०२२ चा मजकूर चांगला आहे, असें म्हणण्यास मला संकोच वाटत नाहीं. पैसे ऋणकोच्याच बँक-खात्यांत जावेत, मध्यस्थाच्या खात्यांतून फिरून नव्हे. मध्यस्थाचें मोल धनकोनें द्यावें, तें ऋणकोच्या माथीं मारूं नये. ऋणकोच्या स्पष्ट मान्यतेवांचून कर्जाची मर्यादा आपोआप वाढवूं नये. ठराविक मुदतीच्या आंत मुद्दल आणि त्या काळापुरता आकार परत करून, दंड न भरतां कर्जांतून बाहेर पडतां यावें. ॲपनें फोनमधील फायली, छायाचित्रें, नांवांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावूं नये. यांतील प्रत्येक वाक्य कोणत्या तरी एका विशिष्ट लबाडीवर नेमकें रोखलेलें आहे. वाक्य वाचतांच ती लबाडी डोळ्यांपुढें उभी राहते, आणि असें गद्य सरकारी लेखनांत दुर्मिळ असतें. २०२५ च्या नियमांनीं आणखी एक गोष्ट केली. अनेक धनकोंचे प्रस्ताव एकाच पडद्यावर दाखविणाऱ्या मध्यस्थानें त्यांतील एकाचीच भलावण करूं नये, मांडणींत चलाखी करून ग्राहकाला भलत्या बटणाकडे नेऊं नये, असें त्यांनीं सांगितलें. मांडणीहि बोलते, अक्षरांचा आकार आणि रंग हासुद्धां युक्तिवादच असतो, हें तत्त्व कायद्यानें ओळखलें, ही माझ्यासारख्या वाङ्मयाच्या अध्यापकाला समाधानाची गोष्ट आहे. शिवाय परवानाधारक संस्थांच्या ॲप्सची यादी जुलै २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनें सर्वांस पाहण्यासाठीं खुली केली. परवाना नसलेल्या चोरांना हे नियम अर्थातच लागू पडत नाहींत. तें काम पोलिसांचें.

दुसरा नमुना अधिक विचार करावयास लावणारा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून हें पत्रक केवळ मोबाईलवरील नव्हे, तर सर्व किरकोळ कर्जांना आणि लहान-मध्यम उद्योगांच्या कर्जांना लागू झालें. तें ऋणकोला समजणाऱ्या भाषेंत असावें, त्यांतील मजकूर त्याला समजावून सांगावा, समजल्याची पोंच घ्यावी, आणि पत्रकांत नसलेला कोणताहि आकार त्याच्या स्पष्ट संमतीवांचून लावूं नये, अशी आज्ञा आहे. मनोती, व्याज, विमा, सगळें धरून वर्षाला शेंकडा किती पडतें तो एकच दर त्यांत लिहावा लागतो. आपल्या गणिताच्या पुस्तकांतील ‘दर साल दर शेकडा’ ही जी सर्वांच्या ओळखीची म्हण, तिला या पत्रकानें प्रथमच खरा अर्थ दिला, असें म्हटलें तरी चालेल.

परंतु रचनेच्या दृष्टीनें येथें दोष आहे. कर्ज काढणारा माणूस शेंकडेवारींत विचार करीत नाहीं. ‘हातांत किती पडतील आणि एकूण किती परत करावे लागतील’ एवढेंच तो विचारतो. हे दोन आंकडे पत्रकाच्या पहिल्या कोष्टकांत नाहींत. दर कसा काढला तें दाखविणाऱ्या जोडपत्रांत ते सांपडतात. नाटकाचा नायक तिसऱ्या अंकांत प्रवेश करतो तसा हा प्रकार झाला. शिवाय ‘समजणारी भाषा’ म्हणजे काय, हा प्रश्न राहतोच. या पत्रकाचें हिंदी नांव ‘मुख्य तथ्य विवरण’. तें मराठींत जसेंच्या तसें उचललें तर मोठी मौज होते. मराठींत ‘तथ्य’ म्हणजे नुसती वस्तुस्थिति नव्हे. ‘त्याच्या बोलण्यांत तथ्य आहे’ असें आपण म्हणतों तेव्हां आपण त्याची ग्वाही देत असतों. पेढीनें आपल्याच कर्जाची ग्वाही आपल्याच पत्रकाच्या मथळ्यावर द्यावी, हें शब्दांतरकाराच्या ध्यानीं आलें पाहिजे. ‘कर्जाच्या ठळक बाबी’ एवढें पुरे होतें.

शब्दांची गोष्ट निघालीच आहे तर तिसऱ्या नमुन्याकडे जाण्यापूर्वीं ‘शाश्वत वित्त’ या प्रयोगाचाहि समाचार घेतला पाहिजे. भावी पिढ्यांचें नुकसान न करतां चालणारा पैशाचा व्यवहार, हा त्याचा अभिप्रेत अर्थ. पण मराठी वाचकाला ‘शाश्वत’ हा शब्द संतांनीं दिलेला आहे. जें नाश पावत नाहीं तें शाश्वत. त्या अर्थानें शाश्वत वित्त ही वस्तु कोणत्याहि तिजोरींत सांपडावयाची नाहीं, आणि शाश्वत कर्ज म्हणावें तर तें न फिटणारें कर्ज ठरेल! ‘टिकाऊ’ हा घरगुती शब्द कोणालाच कां आवडूं नये हें मला उमगलेलें नाहीं.

हरित ठेव म्हणजे जिच्यांतील पैसा बँकेनें सौरऊर्जा, पाणी, स्वच्छ वाहतूक अशा पर्यावरणास हितकर कामांसच द्यावा अशी ठेव. आतां ‘हरित’ हें विशेषण कोणालाहि लावतां येतें. जाहिरातदारांनीं तें साबणापासून सिमेंटपर्यंत लावलें आहे. चौकटीचा गुण असा कीं तिनें त्या विशेषणाला कुंपण घातलें. खनिज इंधन, अणुवीज, कचरा जाळून केलेली वीज, दारू, तंबाखू, शस्त्रें आणि २५ मेगावॅटपेक्षां मोठे जलविद्युत् प्रकल्प यांना हा पैसा देतां येत नाहीं. या कुंपणांत गमतीचे प्रसंग येतात. १,९६० मेगावॅटची कोयना, जिच्यावर महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनीं अभिमान बाळगला, ती या व्याख्येनें हरित ठरत नाहीं. आणि ज्यांचीं गांवें त्या पाण्याखालीं गेलीं त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर व्याख्या अगदींच चुकीची आहे असेंहि म्हणवत नाहीं. मतभेद होईल, पण ज्यावर मतभेद करतां येतो अशी व्याख्या ही नुसत्या मंगलाचरणापेक्षां केव्हांहि बरी.

सरकारच्या हरित रोख्यांची कथा थोडक्यांत सांगतां येईल. २५ जानेवारी २०२३ रोजीं पहिली विक्री झाली आणि दोन हप्त्यांत मिळून १६,००० कोटि रुपये उभे राहिले. नॉर्वेंतील सिसेरो या संस्थेनें या रोख्यांच्या आराखड्याला ‘मध्यम हरित’ अशी श्रेणी दिली. हिरव्या रंगालाहि प्रथम, मध्यम, निकृष्ट असे वर्ग पाडणारी परीक्षा पाहून कोणत्याहि प्राध्यापकाला आपलेपणा वाटेल. पहिल्या विक्रींत साध्या रोख्यांच्या मानानें सरकारला व्याजांत सवलत मिळाली ती शेंकड्यामागें पांच-सहा पैशांची. बाजारांत त्या शब्दाचें मोल तेव्हां एवढेंच ठरलें. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेनेंहि २०२५ सालीं २०० कोटि रुपयांचे हरित रोखे काढले; तेव्हां हा विषय आतां दिल्ली-मुंबईचा राहिलेला नाहीं.

परंतु माझ्या विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. हरित ठेवीचा पैसा खरोखर कोठें गेला याची दर वर्षीं बाहेरच्या त्रयस्थाकडून तपासणी करून घेणें बँकेवर बंधनकारक केलें आहे, आणि त्या पैशानें पर्यावरणाचें काय भलें झालें तेंहि मोजून सांगावयाचें आहे. म्हणजे येथें कायदा कागदावरील शब्दापाशीं थांबत नाहीं. त्या शब्दामागें तो माणूस पाठवितो. वडिलांच्या ठेवपावतीवरील ‘हरित’ या शब्दाचा पाठपुरावा होतो. मुलानें मोबाईलवर दाबलेल्या ‘मी सहमत आहें’ या तीन शब्दांचा कोणी करतो काय?

या प्रश्नाचें उत्तर शोधतांना १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आठवल्यावांचून राहत नाहीं. दंग्याच्या चौकशींतून तो निपजला आणि पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यापूर्वींची स्थिति अशी कीं, १८५५ च्या कायद्यानें व्याजावरील सरकारी मर्यादा उठविली होती, आणि खतांत जें लिहिलें असेल तें न्यायाधीशानें वाचावें व हुकूमनामा द्यावा, एवढेंच काम उरलें होतें. खालीं कुणब्याच्या सहीऐवजीं नांगराची निशाणी असे. त्या निशाणीचा अर्थ कोर्टाच्या भाषेंत ‘मला सर्व समजलें व मान्य आहे’ असा होई. नवीन कायद्यानें प्रथम कागद सुधारला: शेतकऱ्याचें खत गांवच्या नोंदणी-कामगारासमोर लिहिलें जावें, दिलेल्या पैशाची लेखी पावती आणि सालोसाल हिशेब त्याला मिळावा. आजच्या ठळक बाबींच्या पत्रकाचा हा पूर्वज होय. पण तो कायदा तेथें थांबला नाहीं. त्याच्या बाराव्या कलमानें न्यायालयाला आज्ञा दिली कीं, व्यवहाराच्या आरंभापासून त्याचा सारा इतिहास तपासावा. आणि ऋणकोनें दावा कबूल केला असला तरीहि, ती कबुली खरी आहे आणि आपल्या हक्कांची पुरी जाणीव ठेवून दिलेली आहे अशी खात्री पटल्याखेरीज ही तपासणी सोडूं नये. तेराव्या कलमानें मुद्दल आणि व्याज यांचीं खातीं वेगळीं मांडून हिशेब नव्यानें काढावयास लावला. ‘सहमत आहें’ या शब्दांवर एवढा सुसंस्कृत अविश्वास दुसऱ्या कोणत्या कायद्यानें दाखविला असेल असें मला वाटत नाहीं.

आजचा कायदा नेमका उलट दिशेस तोंड करून उभा आहे. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्यांत १९८४ पासून जें २१-अ हें कलम आलें, त्यानें व्याज अवाजवी आहे एवढ्या कारणावरून बँकेचा व्यवहार पुन्हां उघडण्यास न्यायालयांना मनाई केली आहे. बँक नसलेल्या वित्तसंस्थांपैकीं ज्या रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीं आहेत, त्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहींत, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं ठरविलें. तक्रारनिवारणासाठीं लोकपाल आहे आणि तो उपयोगीहि आहे. पण २०२१ च्या त्याच्या योजनेंत संस्थेचा व्यापारी निर्णय हा विषय त्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. मोबाईलवरील कर्जांच्या नियमांनीं व्याजाला कमाल मर्यादा घातलेली नाहीं. आमच्या विद्यार्थ्याचा २,२०० टक्क्यांचा दर या नियमांनीं छापावयास लावला असता. तो बेकायदा ठरविला नसता. आपल्या जुन्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम होता, एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागूं नये म्हणून. तो आतां पाठ्यपुस्तकांतील तळटीपेपुरता उरला, असें म्हणावयाची पाळी आली आहे.

याच्या विरुद्ध बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे, आणि तें पोकळ नाहीं. १८७९ च्या कायद्यानें सावकार सुधारला नाहीं, हुशार झाला. गहाणखताचा इतिहास उघडला जातो असें दिसतांच त्यानें गहाणाऐवजीं विक्रीखत लिहून घेण्यास सुरुवात केली. शेतकऱ्याची पतहि आंखडली. न्यायमूर्ति रानडे यांनीं या कायद्याच्या अंमलबजावणींत विशेष न्यायाधीश म्हणून काम केलें होतें, आणि केवळ कोर्टाच्या दयेवर शेतीची पत उभी राहत नाहीं, तिला स्वस्त भांडवल लागतें, हें त्यांनीं पुनःपुन्हां सांगितलें. प्रत्येक पांच हजारांच्या कर्जाचा इतिहास न्यायाधीशानें वाचावयाचा म्हटलें तर देशांतील सर्व न्यायाधीश त्यांतच संपतील, हेंहि खरें. पण कागदामागें जाण्यास नेहमीं न्यायाधीशच लागतो असें नाहीं. त्याच रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं गरीब कुटुंबांच्या सूक्ष्मकर्जांसाठीं नियम केला कीं, घरांतील सर्व कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या निम्म्यापलीकडे जाऊं नयेत. येथें धनकोला ऋणकोच्या सहीपलीकडे त्याच्या घरांत डोकावून पाहणें भाग पडतें. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाबाबत जें करतां आलें, तें मोबाईलवरच्या आठवड्याच्या कर्जाबाबत करतां येणार नाहीं असें कारण मला दिसत नाहीं. उलट ज्या यंत्राला पांच मिनिटांत ऋणकोची पत अजमावतां येते, त्याला त्याचीं चालू कर्जें मोजणें जड जाऊं नये.

पुन्हां त्या पत्रकाकडे वळतों. त्यांत मंजूर रक्कम आहे, मुदत आहे, हप्ते आहेत, दर आहे, उशिराचा दंड आहे, वसुली करणाऱ्यांविषयींचें कलम आहे, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचा दूरध्वनि आहे. हें कर्ज आधींचें कोणतें कर्ज फेडण्यासाठीं घेतलें जात आहे, आणि त्या आधींच्या कर्जांत ऋणकोच्या हातीं प्रत्यक्ष किती रुपये पडले होते, यासाठीं मात्र एकहि रकाना नाहीं. आमच्या विद्यार्थ्याच्या तिसऱ्या कर्जाचें पत्रक आजच्या नियमांप्रमाणें केलें असतें तर त्यांतील प्रत्येक आंकडा खरा ठरला असता. मूळचे ३,५०० रुपये त्यांत कोठेंच दिसले नसते. १८७९ चें बारावें कलम ज्याला व्यवहाराचा इतिहास म्हणतें, तो याच एका रकान्यांत मावला असता.